झोपलेल्या लॅपटॉपच्या चार घंटा

संगणक झोपतो हे कळलं की लोकांना त्याच्याबद्दल माया वाटायला लागते, आणि माझ्या धंद्यातली निम्मी डोकेदुखी त्या मायेतून आलेली आहे. भाईंदर पश्चिमेला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. या काळात मशीनं बदलली, माणसं होती तशीच राहिली. दिवसभर राबतोय बिचारा, थोडा झोपू दे, असं म्हणून लॅपटॉपचं झाकण हळुवार मिटणारी माणसं मी पाहिली आहेत. हीच माणसं घरातल्या बाईला दुपारची दहा मिनिटं पाठ टेकू देत नाहीत.

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी सांगतो. संगणकाला काही कामं वेळ ठरवून लावून देता येतात. रोज सकाळी नऊला अमुक कर, दर अर्ध्या तासाने तमुक कर. तो बिनबोभाट करतो. पण तुम्ही सोसायटीच्या वॉचमनला सांगितलंत की सहा वाजता पाण्याची मोटर लाव, आणि तो साडेपाचला झोपला, तर मोटर लागणार नाही. यात मोटरचा दोष नाही. आता आठला वॉचमन जागा झाल्यावर त्याने काय करायचं? चुकलेली मोटर तेव्हा लावायची की उद्यापर्यंत थांबायचं? हे त्याला तुम्ही आधी सांगून ठेवलेलं असतं का? नसतं. संगणकालाही कोणी सांगत नाही. शिवाय जाग आल्या आल्या तो अर्धवट गुंगीत असतो. वायफाय जोडलं गेलेलं नसतं, प्रिंटर सापडत नसतो, आणि त्याच क्षणी राहिलेलं काम अंगावर येतं. ते फसतं. मग मला फोन येतो की व्हायरस आला आहे.

पूनम सागर वसाहतीत एक दातांचे डॉक्टर आहेत. त्यांच्या लॅपटॉपवरून सकाळी नऊला पेशंटना आठवणीचे मेसेज जायचे. काही दिवसांनी ते भलत्या वेळी जायला लागले. दुपारी साडेबाराला माणसाच्या फोनवर मेसेज येई की आज सकाळी साडेदहाला दात काढायला या. डॉक्टर माझ्यावर उखडले. "भाई, कल तक तो ठीक चल रहा था," असं त्यांनी मला पाच वेळा ऐकवलं. माझं गिऱ्हाईक मराठी असो, गुजराती असो की भय्या असो, हे वाक्य सगळ्यांना पाठ आहे. चौकशी केली तेव्हा कळलं की सकाळी नऊला लॅपटॉप झाकण मिटून त्यांच्या बॅगेत असतो आणि बॅग रिक्षात असते. दात किडला तर ब्रश कसा करता हे पेशंटला विचारणारा हा माणूस. बॅगेत झोपलेल्या मशीनने मेसेज कसे पाठवायचे, असं मी विचारलं तर म्हणाले, आजकालच्या टेक्नॉलॉजीत एवढं तर व्हायला पाहिजे.

अशी कामं सोडवायची एक सोपी रीत आहे. माणसाला काही विचारायचं नाही, मशीनची नोंद उघडायची. संगणक स्वतःची डायरी लिहीत असतो. किती वाजता झोपलो, किती वाजता उठलो, कशामुळे उठलो, वीज कधी गेली, कोणतं काम कधी चुकलं, सगळं मिनिटासकट. माणूस लपवतो, नोंद लपवत नाही, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मोठ्या तोऱ्यात ऐकवायचो. शाळेचं प्रकरण झाल्यापासून ऐकवत नाही.

शाळा इथल्याच मोरवा गावाच्या बाजूची. नाव सांगत नाही. मराठी माध्यम, विनाअनुदानित, अध्यक्षांच्या वडिलांनी भातशेतीची जमीन देऊन काढलेली. त्यामुळे शाळा म्हणजे अजूनही आपलं शेत आहे अशा समजुतीत अध्यक्ष वावरतात. तिथे जनूकाका नावाचे शिपाई होते. अठ्ठावीस वर्षं व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी कांब हाणून त्यांनी तास पाडले. घड्याळाकडे न बघता पाडायचे आणि मिनिटाचा फरक पडत नसे. गावातली निम्मी घरं त्या आवाजावर कुकर लावायची, असं मला तिथल्या बायकांनी सांगितलं आहे.

मग अध्यक्ष मीरा रोडच्या कुठल्याशा शाळेत पाहुणे म्हणून गेले आणि तिथे आपोआप वाजणारी घंटा बघून आले. झालं. आपल्याकडेही पाहिजे. मुलाचा जुना लॅपटॉप त्यांनी शाळेला भेट दिला. घरातली अडगळ शाळेला देऊन वर तिला हार घालायचा, ही पद्धत आमच्याकडे जुनीच आहे. हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. मला बोलावून मी त्यात प्रत्येक तासाची घंटा वेळेनुसार लावून दिली, व्हरांड्यात भोंगे बसवले. रूळ काढून मागच्या शेडमध्ये ठेवला. जनूकाका शेजारी उभे राहून बघत होते. आता आराम झाला तुम्हाला, असं मी त्यांना म्हणालो.

महिन्याभरात तक्रार आली. मधल्या सुट्टीनंतरची घंटाच होत नाही. मी फोनवर सांगितलं, रीस्टार्ट करा. हा आमच्या धंद्यातला अंगारा. दोनदा दिला, गुण आला नाही, म्हणून तिसऱ्या वेळी गेलो. बघितलं तर सुट्टीत लॅपटॉप झोपत होता आणि घंटेची वेळ झोपेत निघून जात होती. का झोपतो हे शोधायला नोंद उघडावी लागली असती, म्हणजे आणखी अर्धा तास. मला घाई होती. कशाची होती ते आता आठवतही नाही. चुकलेलं काम जाग आल्यावर लगेच कर, अशी एक सोय असते. त्या चौकोनात मी सगळ्या घंटांसाठी टिक केली. दुसऱ्या दिवसापासून सुट्टीनंतरची घंटा पाच-दहा मिनिटं उशिरा का होईना, वाजायला लागली. मुख्याध्यापिका बाई खूश झाल्या. दहा मिनिटं सुट्टी वाढली म्हणून मुलंही खूश.

त्या वर्षी दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या आधी शाळेत आपत्तीची कवायत झाली. कोणी अधिकारी आले आणि मुलांना शिकवून गेले की घंटा थांबता थांबली नाही तर हातातलं सगळं टाकायचं, रांगेत जिना उतरायचा, मैदानात जमायचं. मुलांनी दोनदा सराव केला. आपल्या शाळांत जे शिकवतात ते मुलांना येत नाही अशी ओरड असते. हे मात्र त्यांना चोख आलं.

पूर्वपरीक्षेत गणिताचा पेपर साडेदहा ते साडेबारा. दर पंधरा मिनिटांनी वेळ सांगणारी एक घंटा मी लावून दिली होती. पेपर सुरू झाला. अकराची घंटा झाली नाही, सव्वाअकराची झाली नाही, त्यापुढच्या दोन झाल्या नाहीत. वर्गावरच्या एकाही शिक्षकाने त्याची चौकशी केली नाही. घंटा रुसली असेल, एवढंच. पावणेबारा वाजून गेल्यावर बाई ऑफिसात आल्या, दिवा, पंखा, सगळी बटणं लावली, काहीतरी छापायचं म्हणून लॅपटॉपला हात लावला. लॅपटॉप जागा झाला. थोड्याच वेळात त्याने इमानाने राहिलेल्या चार घंटा एकामागोमाग एक वाजवल्या. मधे श्वास घेतला नाही.

तीन वर्गांतली मुलं पेन टाकून उठली, रांगा केल्या आणि मैदानात आली. शिक्षकही आले, कारण कवायतीत त्यांनाही तसंच सांगितलं होतं. पेपर बाकांवर उघडे. हे सगळं समजून निस्तरायला वीस मिनिटं गेली आणि तेवढ्यात मैदानात भूमितीची सगळी उत्तरं एकमेकांना सांगून झाली. पेपर रद्द झाला. मुलांना तो रविवारी पुन्हा द्यावा लागला, आणि पालक शाळेच्या दारात येऊन ओरडून गेले.

दोष कोणाचा हे दुपारपर्यंत ठरलंसुद्धा. जनूचा. घंटा हातातून काढली म्हणून त्याने डूख धरला, मशीनमध्ये काहीतरी केलं. ज्याला स्वतःच्या मोबाइलवर फोटो मोठा करता येत नाही अशा माणसाने लॅपटॉपमध्ये घुसून चार घंटा रोखून धरल्या आणि एकदम सोडल्या, हे पदवीधर शिक्षकांना पटलं. बी.एड. झालेली माणसं ही. अध्यक्षांनी मला बोलावलं आणि सांगितलं, तपासून सांगा, कोणी हात लावला का.

मी या वेळी नोंद उघडली. पाच मिनिटांत सगळं समोर आलं. दहा एक्केचाळीसला वीज तुटली आणि लॅपटॉप बॅटरीवर गेला. पंधरा मिनिटांनी, अकराला चार मिनिटं कमी असताना, झोपला. पावणेबारा वाजून गेल्यावर वीज आली, जाग आली. मागचे महिने बघितले तर मधल्या सुट्टीत रोज हेच. इमारतीतली वीज गेलेली नव्हती. भिंतीवरचं बटण कोणीतरी बंद करत होतं.

मी जनूकाकांना विचारलं. त्यांनी मला हाताला धरून ऑफिसच्या दारामागे नेलं. तिथे अध्यक्षांच्या सहीने रंगवलेली पाटी होती. खोलीत माणूस नसल्यास सर्व बटणे बंद करावीत, जबाबदारी शिपायाची. परीक्षा होती, ऑफिसातले सगळे वर्गांवर गेले होते, खोली रिकामी होती. त्यांनी दिवा, पंखा आणि तिसरं बटण, तिन्ही बंद केली. अठ्ठावीस वर्षं करत आले तसं. तिसऱ्या बटणावर लॅपटॉप असतो हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आणि सांगणार कोण? ते माझं काम होतं.

आपल्या भागात वापर झाला की भिंतीवरचं बटण बंद करतातच. हे इथे राहणाऱ्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. लॅपटॉपला बॅटरी आहे, तो वीज तुटल्यावरही चालू दिसतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. एकतीस वर्षांच्या अनुभवी माणसाच्या तरी यायला हवं होतं.

बैठक शाळेच्या वाचनालयात झाली. अध्यक्ष, मुख्याध्यापिका बाई, दोन विश्वस्त आणि तज्ज्ञ म्हणून मी. खुर्च्या आमच्यासाठी होत्या, जनूकाका दाराशी उभे. अध्यक्षांनी मला विचारलं, "मशीन बिघडलं होतं का?"

"नाही. मशीनने सांगितलं तेच केलं."

"मग बंद कसं पडलं?"

"बाहेरून बटण बंद झालं होतं."

अध्यक्ष दाराकडे वळले. "जनू, तू बंद केलंस?"

"हो, मीच केला बंद," जनूकाका म्हणाले. "रोजचाच हाय."

रोजचाच हाय, म्हणजे रोजचंच काम आहे. तिथे बसलेल्यांनी त्याचा अर्थ घेतला की हा रोज कुरापत काढतो. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. पाटीचा विषय कोणी काढला नाही, कारण ती ज्यांनी लावली ते समोर बसले होते.

मी तिथे बोलायला पाहिजे होतं. बटण बंद झाल्याने घंटा चुकल्या, एवढंच झालं असतं तर पेपर शांतपणे पार पडला असता. चुकलेल्या घंटा एकदम वाजल्या त्या मी केलेल्या त्या टिकमुळे, आणि ती टिक मी खरं कारण शोधायचा कंटाळा केला म्हणून होती. हे चार वाक्यांत सांगता आलं असतं. मी चहा प्यायलो. मी जे बोललो त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तिथल्या सगळ्या भंपक माणसांत सगळ्यात भंपक मी होतो.

जनूकाकांना पुढच्या महिन्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. त्यानंतर मी शाळेत जाऊन टिक काढली, लॅपटॉपची झोप बंद केली, भिंतीवरच्या बटणावर चिकटपट्टी लावून बंद करू नये असं लिहिलं. वीस मिनिटांचं काम. घंटा आजतागायत चुकलेली नाही. बाईंनी माझं कौतुक केलं आणि आणखी दोन शाळांना माझं नाव सुचवलं.

ते कौतुक काही पचेना. आठ-दहा दिवसांनी मी अध्यक्षांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. टिक, चौकोन, सगळं. त्यांनी मधेच थांबवलं. "जाऊ द्या हो. घंटा वाजतेय ना आता बरोबर?" म्हणाले. एकदा घेतलेला निर्णय बदलला तर संस्थेचा वचक राहत नाही, असंही म्हणाले. बायकोला आवाज देऊन त्यांनी माझ्यासाठी सरबत मागवलं. चार पिढ्यांची जमीन असली की माणसाला चूक कबूल करण्याची गरजच उरत नाही बहुतेक. निघताना त्यांनी मला दहावीच्या निरोप समारंभाला पाहुणा म्हणून बोलावलं. संगणक क्षेत्रातल्या संधी, या विषयावर मुलांना दोन शब्द सांगा म्हणाले.

तिथून मी मोरव्यात जनूकाकांच्या घरी गेलो. ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनाही तेच सगळं सांगितलं, माझी चूक होती, तुमची नव्हती, मी बैठकीत बोललो नाही. मला वाटलं चिडतील. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि एकच विचारलं.

"पोरांना कोनी सांगितला का?"

नाही, मी म्हणालो.

मग ते थोडं बोलले. नोकरी गेली त्याचं काय ते बघू म्हणाले, घरात कमावती मुलं होती. पण दहावीची पोरं गल्लीतून जाताना तोंड फिरवतात. त्यांच्या चुलतभावाची नात लहानपणापासून त्यांच्या ओट्यावर खेळलेली, तीही येत नाही. तिला वाटतं आजोबाने आपला पेपर मुद्दाम नासवला. "मना दुसरा काय नको, सायेब," म्हणाले. "पोरांना सांगा."

निरोप समारंभाला मी गेलो. मंचावर अध्यक्ष मधोमध, बाई शेजारी, मी टोकाला. समोर सतरंजीवर दहावीचे तिन्ही वर्ग. सूत्रसंचालन करणाऱ्या शिक्षकांनी माझी ओळख करून देताना तंत्रज्ञानाचे जादूगार असा शब्द वापरला. अध्यक्षांनी आपल्या भाषणात प्रामाणिकपणा या गुणावर पंचवीस मिनिटं घेतली.

माझी पाळी आली. संधीबिंधी मी काही सांगितल्या नाहीत. गणिताच्या पेपरच्या दिवशी काय झालं ते सांगितलं, या लेखाच्या सुरुवातीला सांगितलं तसं, वॉचमनपासून. लॅपटॉप का झोपला, उठल्यावर त्याने चार घंटा एकदम का वाजवल्या, त्याला तसं करायला कोणी सांगितलं होतं. जनूकाकांनी पाटीवर लिहिलेलं काम केलं, आणि मी माझं काम केलं नाही. बैठकीत मला हे माहीत होतं आणि मी गप्प बसलो, हेही सांगितलं. बाई माझ्याकडे बघत होत्या. अध्यक्षांनी माइक आपल्याकडे घ्यायला हात पुढे केला, पण मी आधीच थांबलो होतो.

मला हलकं वाटायला लागलं होतं. चूक चारचौघांत कबूल करणारा मोठा माणूस, अशी माझीच मूर्ती मी मनात उभी करत होतो. कोणाला काही विचारायचं आहे का, असं मी सवयीने म्हणालो.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. ती जनूकाकांच्या चुलतभावाची नात होती की दुसरी कोणी, मला माहीत नाही. मी नंतर विचारलंही नाही.

"सर, मग शाळेने तुम्हाला काढलं का?"

"नाही," मी म्हणालो. "अजून माझ्याकडेच काम आहे."

ती खाली बसली नाही. माझं बोलणं संपलेलं नाही असं समजून ती तशीच उभी राहिली.